सकाळचा चहा हातात आणून देतात

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

मी ४७ वर्षांची आहे. कोथरूडला राहते, बँकेत नोकरी करते. नवरा हिंजवडीला आयटीत, मुलगा बारावीला. सासूबाई ७६ वर्षांच्या, गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सकाळी माझ्याबरोबर तळजाईला चालायला येणारी मैत्रीण मे महिन्यात उत्तराखंडातल्या कुमाऊँमधल्या एका रिसॉर्टवर सात दिवसांच्या ‘आत्मविकास आणि वेलनेस’ शिबिराला जाऊन आली. ‘माणूस बदलून येतं,’ म्हणते. दिवाळीनंतरच्या तुकडीत मीही नाव घालावं म्हणून मागे लागली आहे. जागा मुक्तेश्वरच्याही पुढे, शेवटचे दोन किलोमीटर पायी. फोन पहिल्याच दिवशी जमा करायचा. रोज ध्यान आणि योगासनं, दोन दिवस फक्त रस, आणि संध्याकाळी सगळ्यांनी गोलात बसून ‘मनातलं सांगून मोकळं व्हायचं’. फी ६२,००० रुपये, प्रवास वेगळा. येत्या रविवारच्या आत पैसे भरले तर १०,००० ची सवलत. नवरा म्हणतो, ‘जा की, तुला कोण अडवतंय?’ सासूबाई म्हणाल्या, ‘घरात काय कमी आहे, की शांती शोधायला हिमालयात जायचं?’ त्या स्वतः वीस वर्षांपूर्वी भजनी मंडळाबरोबर २१ दिवस चारधामला गेल्या होत्या, पण ते देवाचं होतं. माझं स्वतःसाठी. बाबा आठ महिन्यांपूर्वी गेले, आई आधीच गेली होती. साताऱ्याचं घर भावाने विकायला काढलंय. हल्ली रात्री दोनला जाग येते ती येतेच. नळस्टॉपच्या सिग्नलला स्कूटरवर रडू येतं. नोकरी सोडून द्यावीशी वाटते. थायरॉइड आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत. वाटतं, तिथे जाऊन आले की मला नेमकं काय हवंय ते एकदाचं कळेल. जाऊ की नको? आणि जावंसं वाटणं हा स्वार्थ आहे का?

---

तुमच्या चार पानी पत्रात ‘विकास’ हा शब्द एकदाच आलाय, तोही मैत्रिणीच्या तोंडी. ‘तिथे सकाळचा चहा हातात आणून देतात’ हे वाक्य मात्र तुम्ही दोनदा लिहिलंय. एकदा पहिल्या पानावर, रिसॉर्टची माहिती देताना, आणि एकदा अगदी शेवटी, कंसात, उद्गारचिन्ह घालून. सारांश करताना ते मी मुद्दाम बाजूला ठेवलं, कारण मला बोलायचंय ते तिथूनच.

बाबा गेले, घर विकायला निघालं. म्हणजे यंदाची भाऊबीज भावाच्या फ्लॅटवर. ओवाळाल, जेवाल, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. जिथे उशिरा उठलं तरी चालतं, चहा आयता मिळतो, आणि ‘झोपू दे गं तिला, दमून आलीय’ असं कुणीतरी स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणतं, ती जागा आता राहिली नाही. मला वाटतं, तुम्ही जे शोधताय त्याला आपल्याकडे माहेरपण म्हणतात. ते कुमाऊँच्या एका डोंगरावर ६२,००० रुपयांना मिळतंय असं दिसलं आणि मन तिकडे धावलं. धावणारच.

माहेरी जायला कारण द्यावं लागत नव्हतं. आठ दिवस राहून आलेल्या मुलीला ‘मग, काय विकास झाला तुझा?’ असं कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. आता माहेर नाही, तर कारण लागतंय. आणि ‘मी थकले’ हे कारण आपल्या घरांत चालत नाही. थकायचं तर ताप हवा, निदान ऑपरेशन तरी हवं. ‘आत्मविकास’ मात्र चालतो, त्याचं माहितीपत्रक असतं, वेळापत्रक असतं, शेवटी प्रमाणपत्रसुद्धा देत असतील. म्हणून तुम्ही स्वतःला बदलायला निघाला आहात. तुमच्या पत्रात बदलायलाच हवं असं काय आहे ते मी शोधलं. मला एक दमलेली बाई सापडली आणि वडील गेलेली एक मुलगी सापडली. दोघींनाही दुरुस्तीची गरज दिसली नाही.

आता स्वार्थाचं. तुमच्या सासूबाई २१ दिवस चारधामला गेल्या तेव्हा तुमच्या लग्नाला फार तर दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या २१ दिवसांत घर कुणी सांभाळलं? तुम्ही पत्रात ते लिहिलेलं नाही, म्हणजे तुम्हीच. तेव्हा ‘यात्रेला निघाल्यात’ म्हणून शेजारणींनी त्यांच्या हातावर साखर ठेवली असेल, परत आल्यावर गंगाजलाच्या कुपीसाठी लोक येऊन गेले असतील. बायकांना घराबाहेर पडायला आपल्या समाजाने मोजक्या वाटा ठेवल्या होत्या: माहेर, वारी, यात्रा, कुणाचं तरी बाळंतपण. त्यातल्या यात्रेत देव होता हे खरंच. पण बसमध्ये मैत्रिणींबरोबर म्हटलेली भजनं, पहाटेची थंडी, आणि तीन आठवडे कुणाच्या जेवणाची चिंता नाही, हेही होतं. सासूबाईंना ते नक्की आठवत असेल. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून त्या बोलल्या नाहीत.

देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबा एकांताला जात. आपण सगळे ते अभिमानाने सांगतो, पुण्याहून दर रविवारी गाड्या भरून लोक जातात तिथे. परंपरा असंही सांगते की त्यांच्यासाठी जेवण घेऊन जिजाई तो डोंगर चढायची. कुणाच्याही एकांताची भाकरी कुणीतरी दुसरं डोंगरावर चढवत असतं, तुमच्या घरातही तसंच असणार. म्हणून ‘मी स्वार्थी आहे का’ हा प्रश्न मी तुमच्या जागी असते तर टाकून दिला असता. त्याला उत्तर नाही आणि तो रात्री दोनलाच पडतो. त्याऐवजी ‘माझ्या सात दिवसांची भाकरी कोण भाजणार’ हा प्रश्न संध्याकाळी सात वाजता जेवणाच्या टेबलावर मांडा, सगळ्यांसमोर.

आणि तो मांडताना तुमच्या यजमानांच्या ‘जा की’ ला हात घाला. ‘जा की, तुला कोण अडवतंय’ यात परवानगी आहे, पण तो स्वतः काय करणार याबद्दल त्यात एक अक्षर नाही. भांडू नका, कॅलेंडर काढा. आईंना फिजिओथेरपीला कोणत्या वारी न्यायचं, रात्री त्या उठल्या तर कोण जागं होणार, आठवड्यातले किती दिवस तो घरून काम करणार. दिवसा एखाद्या मदतनीस बाईंची सोय करायची असेल तर त्यांना फोन तुम्ही करू नका, त्याला करू द्या. एकदा त्या आठवड्याची व्यवस्था त्याच्या हातून झाली की ती त्याची होते. नाहीतर तुम्ही मुक्तेश्वरला डोळे मिटून बसाल आणि आत गॅस सिलिंडर संपला असेल का याचा जप चालेल.

एक विनंती मात्र आहे, आणि ती जरा दरडावूनच करते. निघायच्या आदल्या चार दिवसांत सात दिवसांच्या भाज्या करून डबे फ्रीजमध्ये रचू नका. कोथरूडमध्ये दर दोन इमारतींमागे एक पोळीभाजी केंद्र आहे. ती माणसं कशासाठी पहाटे उठतात? मुलगा बारावीत आहे, त्याची परीक्षा फेब्रुवारीत आहे. नोव्हेंबरात आठवडाभर आई घरात नसल्याने कुणाचं फिजिक्स बिघडत नाही.

हे झालं घराचं. ते तुमच्या भीतीपेक्षा सोपं आहे. मला काळजी वाटते ती डोंगरावरच्या त्या संध्याकाळच्या गोलाची.

ही शिबिरं पुण्याला नवी नाहीत. कोरेगाव पार्कात १९७४ साली रजनीशांचा आश्रम सुरू झाला, तेव्हापासून ‘स्वतःचा शोध’ घ्यायला जगभरातून आलेले लोक आपण रिक्षात बसलेले पाहिले आहेत. त्याच्याही आधी, १९६२ साली, कॅलिफोर्नियात समुद्रकाठच्या कड्यावर एसालेन नावाची संस्था निघाली. आजच्या बहुतेक आत्मविकास शिबिरांची कुळी शोधत गेलं तर ती तिथवर पोचते. तिच्या दोन संस्थापकांपैकी मायकेल मर्फी पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात राहून गेलेले. म्हणजे माल थोडा आपल्याकडूनच गेला आणि वेष्टन बदलून परत आला. त्या काळात अमेरिकेत गोलात बसून एकमेकांसमोर मन उघडं करण्याच्या गटांची लाटच होती. मॉर्टन लीबरमन, अर्विन यालोम आणि मॅथ्यू माइल्स या तिघांनी स्टॅनफर्डच्या दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांना अशा वेगवेगळ्या गटांत घालून पाहिलं आणि १९७३ साली निष्कर्ष छापले. बऱ्याच जणांना फायदा झाला, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण काही जणांची मनःस्थिती त्यानंतर बिघडली आणि महिनोन्‌महिने बिघडलेलीच राहिली. गट चालवणारा जितका करिश्म्याचा, जितका आक्रमक, लोकांना ‘बोल, बोल, अजून खोल जा’ म्हणून ढकलणारा, तितका हा धोका जास्त दिसला. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, की कोण मोडून पडलंय हे गट चालवणाऱ्याला नीट ओळखता आलं नाही. ते ओळखलं शेजारी बसलेल्या इतरांनी.

हे मी वाचलं त्याच्या आधी पाहिलं होतं. पंधराएक वर्षांपूर्वी मुळशीच्या पलीकडे अशाच एका शिबिराला मी गेले होते. कुणाचं ते सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. तिसऱ्या रात्री एका गृहस्थांना रिकाम्या खुर्चीसमोर बसवून ‘इथे तुमचे वडील बसलेत, त्यांना सांगा’ म्हणाले. साठीचा माणूस, आधी अवघडला, मग बोलायला लागला, मग असा रडला की मला अजून आठवतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि आम्ही पिठलं-भाकरी खायला गेलो. मार्गदर्शक दुसऱ्या टेबलावर. ते गृहस्थ खोलीवर गेले ते जेवायला आलेच नाहीत. रात्री दीडला व्हरांड्यात बसलेले दिसले, बायकोला फोन करायचा होता, पण फोन ऑफिसात कुलपात आणि ऑफिसची किल्ली ज्याच्याकडे तो झोपलेला. त्यांच्याजवळ पहाटेपर्यंत मी आणि नाशिकच्या एक शिक्षिका बसलो. दोघींना त्यातलं काहीच कळत नव्हतं, चहा मात्र दोनदा केला.

तुमचे बाबा जाऊन आठ महिने झालेत. वर्षश्राद्ध अजून व्हायचंय. शिबिर दिवाळीनंतर लगेच, म्हणजे बाबांशिवायची पहिली दिवाळी अंगावरून गेलेली असेल, कदाचित साताऱ्याच्या घराची किल्लीही देऊन झाली असेल. अशा आठवड्यात वीस अनोळखी माणसांच्या गोलात, पोटात फक्त रस, खिशात फोन नाही, आणि समोर कुणीतरी म्हणतंय, ‘आता सांगा, तुमचं सर्वांत मोठं दुःख कोणतं?’ तुम्ही बोलाल. तुम्ही भरलेल्याच आहात. पण ते झाल्यावर रात्री दोनला जाग येईल तेव्हा तिथे कोण असेल, हे आयोजकांना विचारल्याशिवाय मी तुम्हाला जा म्हणणार नाही.

त्याआधी एक फार साधं काम. फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि झोपेचं सांगा. थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त होत असला तरी झोप उडते, छातीत धडधडतं. तुमच्या वयात पाळीच्या बदलांनीही हेच होतं. टीएसएचची, म्हणजे थायरॉइडची रक्ताची, तपासणी काही शे रुपयांची आहे. ती करून घ्यायच्या आधी ६२,००० भरणं हे मला पुणेकर म्हणून बघवत नाही. तपासण्या ठीक निघाल्या आणि तरीही रडू, जाग, कशातच मन न लागणं चालूच राहिलं, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आठवड्यातून एक तास, एकच ऐकणारं माणूस, आणि पुढच्या आठवड्यात तेच माणूस परत. तिथे रडून झाल्यावर तुम्ही स्वतःच्या घरी येता. सरकारची टेली-मानस सेवाही आहे, १४४१६ या क्रमांकावर, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. रात्री दोनला जाग येणाऱ्या कुणीही हा नंबर फोनमध्ये ठेवायला हरकत नाही, त्यासाठी आयुष्य उद्ध्वस्त झालेलं असायची अट नाही.

आयोजकांना फोन करा तेव्हा काय विचारायचं, हे तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठीही थोडं सविस्तर लिहिते. संध्याकाळचा गोल कोण चालवतं, त्यांचं शिक्षण काय? आपल्याकडे ‘लाइफ कोच’ अशी पाटी लावायला कुठलाही परवाना लागत नाही, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. दोघांतला फरक त्यांना सांगता येतो का बघा. गोलात मी गप्प बसले तर चालेल का? मधूनच उठून खोलीवर गेले तर? चित्रीकरण होतं का? हल्ली लोकांच्या रडण्याची रील करून जाहिरातीत लावतात, आणि तशी संमती तुमच्या सहीच्या फॉर्ममध्ये सहाव्या कलमात असते. फोन जमा केल्यावर घरच्यांनी कोणत्या नंबरवर फोन करायचा, आणि तो रात्री कोण उचलतं? नाही जमलं तर किती दिवस आधी कळवल्यावर किती पैसे परत, हे ईमेलवर लिहून मागा, तोंडी नको. बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाला दोन दिवस रसावर ठेवणार, तर बघायला डॉक्टर आहे का? (‘डिटॉक्स’ म्हणून जे सांगतात ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज विनामूल्य करतात. उपासच हवा असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.) उंचीची मात्र भीती नको. सिंहगड सुमारे १,३०० मीटर, मुक्तेश्वर सव्वादोन हजारांच्या आसपास. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजारांच्या वर सुरू होतो. अडचण रस्त्याची आहे. रेल्वे काठगोदामला संपते, पुढे दोन-तीन तास घाट, त्यापुढे तुमचे ते पायी दोन किलोमीटर. मोठं रुग्णालय खाली हल्द्वानीला. रात्री कुणाला खाली आणायची वेळ आली तर कसं आणतात, हा प्रश्न विचारताना संकोच करू नका. आधी कधी तशी वेळ आली होती का, हेही विचारा.

चांगले आयोजक असले तर ते या प्रश्नांनी खूश होतात. अशी माणसं आहेत, मी भेटले आहे. पण पलीकडून ‘मॅडम, हा तुमचा रेझिस्टन्स बोलतोय’ असं उत्तर आलं, तर नमस्कार म्हणून फोन ठेवा.

मैत्रिणीलाही एक गोष्ट विचारा, प्रेमाने. बदललीस म्हणजे काय बदललं? साध्या मंगळवारी तू आता काय वेगळं करतेस? ती म्हणाली, सकाळी वीस मिनिटं शांत बसते, नवऱ्यावर कमी ओरडते, तर झकास. ती ऊर्जा आणि कंपनं यांच्यावर बोलायला लागली तर तिला बोलू द्या आणि तळजाईची फेरी पूर्ण करा. आणि तुम्हाला आणलं की तिला पुढच्या शिबिरात सवलत आहे का, तेही हसत हसत विचारून टाका. असेल तर त्यात पाप नाही, फक्त तुम्हाला माहीत असावं.

नोकरी सोडण्याबद्दल मी फार लिहीत नाही. डोंगरावरून उतरल्यावर महिनाभर राजीनामा लिहायचा नाही, एवढं ठरवा. सुट्ट्यांवर संशोधन करणाऱ्या जेसिका द ब्लूम यांनी दाखवलंय की मोठ्या सुट्टीने सुधारलेली तब्येत आणि मनःस्थिती कामावर परतल्याच्या पहिल्याच आठवड्यात बहुतेक पूर्वपदावर येते. म्हणजे तिथे ‘कळलेलं’ सगळं खोटं असं म्हणायचं नाही. कळलेलं महिन्याभराने, शाखेच्या काउंटरवर गडबडीत बसल्यावरही तसंच वाटतंय का, ते बघायचं.

मग जाऊ की नको? तुम्ही सरळ विचारलंत, मीही सरळ सांगते. डोंगर हवा, गोल आत्ता नको. रविवारची सवलत जाऊ द्या. ती सवलत तुम्हाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणूनच आहे. दिवाळीनंतर चार दिवस कुठेतरी जा जिथे तुम्हाला कुणी बदलणार नाही. लोणावळ्याला कैवल्यधाम आहे, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली सुरू केलेलं. राहून योग शिकता येतो, आणि घरून फोन आला तर दोन तासांत परत येता येतं. उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केला, तो तर सोलापूर रस्त्यावर तासाभराच्या अंतरावर. तिथे झगमगाट नाही आणि खर्चही तुमच्या रिसॉर्टसारखा नाही. वाचक मला नेहमी विपश्यनेबद्दल विचारतात, म्हणून तेही: इगतपुरीचं केंद्र १९७६ पासून आहे, पुण्यात आणि आळंदीजवळ मरकळलाही केंद्रं आहेत, दहा दिवसांची फी शून्य, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. पण पहाटे चारला उठून दिवसाचे दहा तास बसायचं, बोलायचं नाही, नव्या साधकांना संध्याकाळी फक्त चहा-फळं. तो विसावा नव्हे, तो सराव आहे, आणि चांगलाच कठीण. झोप उडालेली आणि दुःख ताजं असताना पहिल्यांदा तिथे जाऊ नये असं माझं मत आहे. पुढे कधी गेलात तर अर्जात तब्येतीचे प्रश्न असतात, त्यांना खरी उत्तरं द्या.

किंवा यातलं काहीच नको. मुरुड, वाई, गणपतीपुळे, जिथे एखाद्या काकू घरगुती जेवण आणि खोली देतात तिथे एकटीने चार दिवस. सकाळी चहा आला की घ्यायचा. पुस्तक न्यायचं आणि वाचायचं नाही.

कुमाऊँचं शिबिर त्यानंतरही हवंसं वाटलं आणि आयोजकांची उत्तरं पटली, तर एप्रिलची तुकडी धरा. तोवर वर्षश्राद्ध झालेलं असेल, बारावी आटोपलेली असेल, झोपेचं काय ते कळलेलं असेल. एप्रिलमध्ये तिकडच्या डोंगरांवर बुरांशची लाल फुलं असतात, नोव्हेंबरात ती दिसायची नाहीत. परतल्यावर बँकेत हजर व्हायच्या आधी एक पूर्ण दिवस घरी ठेवा, आणि त्या दिवशी कपडे धुवायला काढू नका.

सासूबाईंना मात्र आजच विचारा. शिबिराचं काहीच बोलू नका. त्यांच्या गुडघ्याला तेल लावताना चारधामचं काढा: बसमध्ये शेजारी कोण होतं, केदारनाथला चढताना काय झालं, घरची आठवण कितव्या दिवशी आली. त्या सांगतील, आणि कदाचित असं काही सांगतील जे वीस वर्षांत त्यांना कुणी विचारलेलं नाही. मग थंडीचं विचारा. तिकडे नेलेला स्वेटर त्यांच्याकडे अजून असेल. चारधामला चालला तो मुक्तेश्वरला चालेल का, हे त्यांनाच ठरवू द्या.